चाकू सगळ्यात शेवटी: कुटुंबासह रानातल्या बिनसोयीच्या मुक्कामाची तयारी आणि क्रम

ठाणे आणि नवी मुंबईतल्या आम्हा पाच-सहा कुटुंबांना चाकूंचा नाद आहे. कुणी जुन्या कानशीचं पातं घासून स्वतः मूठ बसवतं, कुणी गावच्या लोहाराकडून कोयते घडवून आणतं. माझ्याकडे माहेरची कोयती आहे, ती कमरेला अडकवायच्या लाकडी आकडीसकट. थंडीत दोन-तीनदा आम्ही मुलाबाळांसह मुरबाड-शहापूरच्या बाजूला शनिवार-रविवार मुक्कामाला जातो. तिथे वीज, नळ, संडास काहीही नसतं आणि बहुतेकदा तंबूही नसतो.

दरवेळी एखादं नवं कुटुंब येतं आणि तीच चूक करतं. गाडीतून उतरलं की पहिले चाकू बाहेर! जागा झाडलेली नसते, पाणी भरलेलं नसतं, मुलं कुठे पळालीत याचा पत्ता नसतो आणि तीन बाबा एकमेकांची पाती उन्हात धरून बघत उभे. नंतर दिवसभर जे बिघडतं ते सगळं तिथूनच. म्हणून क्रम उलटा लावायचा. चाकू सगळ्यात शेवटी बाहेर येतो आणि दिवेलागणीला सगळ्यात आधी आत जातो. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

१. जागा ठरवा (किमान दोन आठवडे आधी)

पहिला नियम: अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत हा मुक्काम नाही. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. शहापूरकडे तानसा अभयारण्य आहे, पनवेलजवळ कर्नाळा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच चाकू आहे आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरायला मनाई आहे. तिथे तुमचा चार इंची चाकू भाजी चिरायला आणलाय की आणखी कशाला, हे सांगत बसायची वेळ येऊ देऊ नका. राखीव वनात आग पेटवायलाही भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार बंदी आहे. डोंगरावरची छान मोकळी सपाटी दिसली आणि बसलो, असं करता येत नाही.

उरतं काय? खासगी शेत. भातकापणी झालेलं, मालक ओळखीचा, विहीर किंवा बोअर जवळ आणि गाडी आत जाईल असा रस्ता. मालकाची परवानगी लेखी घ्या, मोबाईलवरचा मेसेजही चालतो. त्यात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: किती माणसं, कोणती तारीख, चूल पेटवणार का, लाकूड कुठलं वापरणार. मालकाकरवी गावच्या पोलीस पाटलांनाही कळवा. रात्री शेतात अनोळखी माणसं आणि हातात कोयते दिसले की गावाला शंका येणारच, आणि ती रास्तच आहे.

काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा. पावसाळ्यात या भागात ओढे केव्हा फुगतील सांगता येत नाही, आणि मार्चनंतर गवत इतकं वाळतं की एक ठिणगी वणव्याला पुरते. जमलं तर पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार धरा. मुलांना रात्रीची भीती निम्म्याने कमी वाटते.

*तपासा:* आधी एकदा दिवसा जाऊन जागा बघून या. मोबाईलची रेंज कुठे येते, सरकारी रुग्णालय किती मिनिटांवर आहे, जवळच्या झाडावर किंवा कड्याला आग्या मोहोळ आहे का. मोहोळ दिसलं तर जागा बदला. धुराने त्या माश्या उठल्या की पळायला वाट उरत नाही.

२. चाकू निवडा आणि धार घरीच लावा (गुरुवारपर्यंत)

संग्रहातलं सगळं घेऊन येऊ नका. एका कुटुंबामागे एक साधा, घडी न होणारा चाकू पुरे. पातं चार इंचाच्या आसपास आणि पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं हवं. शिवाय स्वयंपाकाचा एक चाकू. कोयता, कुऱ्हाड आणि घडीची करवत मात्र अख्ख्या गटात एकेकच. जाड लाकडासाठी करवत वापरा. नवखी माणसं कुऱ्हाडीला हात घालतात आणि तिथेच पाय फुटतो.

लांबीचं भान ठेवा. आर्म्स रूल्स, २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं वेगळ्या वर्गात टाकली आहेत. घरकाम आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत, पण शोभेचा मोठा सुरा शेतीचं अवजार ठरत नाही. तो आणि खटक्याचा चाकू घरीच राहू द्या. शिवाय ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही पोलीस आयुक्तालयांत महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्यात चाकू-सुरे बाळगण्यावर बंदी असते. निघायच्या आठवड्यात तसा आदेश आहे का ते बघा. असेल तर चाकूंचा कार्यक्रम पुढे ढकला, नुसता मुक्काम करा.

आता धार. बोथट चाकू सुरक्षित असतो हा समज मोडायलाच हवा. बोथट पातं लाकडात शिरत नाही, आपण जोर वाढवतो, पातं घसरतं आणि जोर सगळा हातावर येतो. धार लावताना कोन चुकतो, त्याला सोपा उपाय आहे. कागदाचा काटकोनी कोपरा एकदा मध्यावर दुमडा, ४५ अंश झाले. पुन्हा दुमडा, साधारण २२ अंश. तो त्रिकोण दगडावर ठेवून पातं त्याच्या तिरकसपणाला लावून बघा आणि तेवढाच कोन हातात धरून ठेवा. दगड ओला ठेवा. एका बाजूने दहा वेळा, दुसऱ्या बाजूने दहा वेळा, दाब हळूहळू कमी करत. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पातं उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, दहा-पंधरा वेळा ओढा.

*तपासा:* एका हातात वर्तमानपत्राचं पान धरा आणि वरून चाकू उतरवा. पान सरळ कापलं गेलं तर धार ठीक. जिथे अडकून फाटलं तिथे पात्याला खरखर आहे, तेवढाच भाग पुन्हा दगडावर घ्या. अंगठा फिरवून धार बघू नका, मुलं तेच शिकतात.

३. मुलांची तयारी (आठवडाभर आधी, घरातच)

रानात पहिल्यांदा चाकू हातात द्यायचा नाही. आमच्याकडे ठरलेलं आहे: सहा वर्षांखालच्यांना चाकू नाही. सहा ते नऊ, गोल टोकाची लोणी लावायची सुरी आणि अंघोळीच्या साबणाची वडी. साबणाचा मासा, होडी, काय हवं ते कोरू दे. दहा वर्षांवरच्यांना खरा चाकू, पण एका मुलामागे एक मोठं माणूस, आणि त्या माणसाच्या हातात तेव्हा दुसरा चाकू नको. ही शेवटची अट मोठ्यांनाच जड जाते.

मुलांना तीन सवयी लावा. चाकू चालवताना खाली बसायचं. पातं स्वतःपासून दूर जाईल असंच चालवायचं. आणि चाकू हातोहात द्यायचा नाही, जमिनीवर किंवा फळीवर ठेवायचा, मग दुसऱ्याने उचलायचा. कात्री हातोहात देऊ नये, भांडण होतं, असं घरातली जुनी माणसं सांगतात. मुलांना हे पटकन लक्षात राहतं.

४. सामान भरा, चाकू वेगळे

माणशी दिवसाला पाच लीटर पाणी धरा, स्वयंपाकासकट. विहिरीचं पाणी प्यायचं असेल तर खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या. ताडपत्री, सुतळी, चटया, मच्छरदाण्या, दोन बादल्या, फावडं, काडेपेटी प्लॅस्टिकच्या डबीत, माणशी एक विजेरी. अंथरूण अंदाजापेक्षा जास्तच घ्या. जानेवारीच्या पहाटे मुरबाडकडे ठाण्याच्या मानाने चांगलाच गारठा असतो आणि जमिनीतून येणारी थंडी चादरीने थांबत नाही. खाली भाताचा पेंढा मिळाला तर सोनं.

प्रथमोपचाराची पेटी चाकूंच्या पेटीपेक्षा वर आणि हाताशी ठेवा. तीत जाड गॉज, रुंद बँडेज, चिकटपट्टी आणि हातमोजे हवेतच. धनुर्वाताचं इंजेक्शन कुणाचं कधी झालंय ते निघण्याआधी विचारून घ्या.

सगळे चाकू म्यानात, मग फडक्यात, मग कुलपाच्या पेटीत आणि पेटी डिकीत. कमरेला लावून पेट्रोल पंपावर उतरायचं नाही. लोकलने येणाऱ्यांनी आपला चाकू आदल्या दिवशी गाडीवाल्याकडे द्यावा. पेटीच्या झाकणाला आतून कागद चिकटवा आणि प्रत्येक चाकूची नोंद करा: कुणाचा, मूठ कशी, लांबी किती. हा कागद पुढे तीनदा लागणार आहे.

५. पोहोचल्यावर पहिले दोन तास: पेटीला कुलूप

सकाळी सहाला निघा. नवी मुंबईच्या मंडळींनी शिळफाट्याची गर्दी टाळायची तर आणखी थोडं आधी. नऊपर्यंत जागेवर पोहोचलात तर अख्खा दिवस हातात राहतो. दुपारी बाराला पोहोचणाऱ्या गटाची पुढची प्रत्येक पायरी घाईत होते.

आधी सगळे मिळून जागा पायाखाली घाला. काठीने गवत आपटत चला. वर सुकलेली फांदी आहे का, जमिनीत बिळं आहेत का, मुंगळ्यांची रांग जाते का. कोरडा ओहोळ झोपायला छान वाटतो, पण ती पाण्याची वाट आहे, तिथे अंथरूण नको.

मग पाच जागा ठरवा आणि मुलांना घेऊन सुतळीने आखा: झोपायची, चुलीची, पाण्याची, संडासची आणि चाकूची. संडास पाण्यापासून किमान ६० मीटर दूर हवं. खड्डा वीतभर खोल, वापरल्यावर लगेच माती. चाकूची जागा चुलीपासून आणि झोपायच्या जागेपासून दहा-बारा पावलं लांब. तिला आम्ही ‘रिंगण’ म्हणतो. आत बसणाऱ्या दोघांमध्ये इतकं अंतर हवं की दोघांनी हात चाकूसकट पसरले तरी पातं दुसऱ्याला लागू नये. सुतळीच्या आत चप्पल नाही, बूट. सुतळीच्या बाहेर उघडं पातं नाही.

ताडपत्री ताणताना खुंट्या लागतात आणि तिथेच कुणीतरी म्हणतं, “काढा की पेटी.” काढू नका. खुंट्या घरून करून आणा. मग एक बाजू वाऱ्याकडे जमिनीलगत, दुसरी डोक्याइतकी उंच, उतार बाहेरच्या बाजूला.

*थांबा:* झाडांची ओळख नसेल तर मालकाला बरोबर घेऊन एक फेरी मारा. बिब्ब्याच्या झाडाचा चीक अंगाला लागला तर फोड येतात. खोडावर काळे ओघळ दिसले तर हात लावू नका, ते लाकूड तासू नका, जाळू तर मुळीच नका. थंडीत खाजकुइलीच्या लवदार शेंगा वाळून लोंबत असतात, मुलं त्या हौसेने तोडतात. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. कण्हेरीची काडी भाजायला सळई म्हणून वापरणं जिवावर बेतू शकतं.

६. चूल आणि पाणी

चुलीभोवती चारही बाजूंनी दहा फूट गवत आणि पालापाचोळा साफ करा, माती दिसेपर्यंत. राब, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन, भाजताना इथले शेतकरी कडेने जागा साफ करूनच आग लावतात, तीच रीत आपली. पाण्याची भरलेली बादली चुलीपासून हाताच्या अंतरावर, आणि तिला स्वयंपाकासाठी हात लावायचा नाही. ओढ्यातले दगड चुलीला नकोत. आत पाणी मुरलेलं असतं, तापले की फुटतात. बांबूची बंद पेरंही आगीत फटाक्यासारखी फुटतात.

लाकूड फक्त पडलेलं, वाळलेलं आणि मालकाने दाखवलेलं. मालकीच्या जमिनीतलाही साग किंवा खैर परवानगीशिवाय तोडता येत नाही.

७. आता पेटी उघडा

उन्हं कलायच्या आत, पोट भरलेलं आणि मुलं विसावलेली असताना. आमच्या गटात एक जण पेटीचा राखणदार असतो. तो झाकणावरचा कागद वाचतो, ज्याचा चाकू त्याच्या हातात म्यानासकट जातो. हीच पहिली मोजणी.

सुरुवात मऊ लाकडावर करा. पांगारा मिळाला तर उत्तम, सावंतवाडीची लाकडी खेळणी पूर्वापार त्याचीच होत आली आहेत. वाळलेला सुबाभूळही चालेल. बाभूळ नवशिक्याला नको. बांबू तर मुलांना मुळीच नको: फाकलेल्या बांबूची कड पात्याइतकीच धारदार असते. तीन वर्षांपूर्वी ओला बांबू चिरताना माझं डाव्या हाताचं बोट उघडलं, चार टाके पडले, ते चाकूने नव्हे, बांबूच्या कडेने. तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते, अंधार पडला होता आणि “एवढं एक संपवते” म्हणून मी बसले होते. मोजणीची वेळ आम्ही ठरवली ती त्यानंतर.

पहिला धडा ढलप्यांच्या काडीचा. बोटाएवढी जाड, वीतभर लांब, वाळलेली, बिनगाठीची काडी घ्या. तिचं खालचं टोक फळीवर टेकवा, मांडीवर नाही. पातं जवळजवळ सपाट धरून वरून खाली उतरवा. मनगट हलवायचं नाही, खांद्यातून अख्खा हात खाली आणायचा. ढलपी टोकापाशी पोहोचायच्या आत थांबा, म्हणजे ती तुटत नाही, तिथेच वळून चिकटून राहते. काडी किंचित फिरवा आणि नुकत्याच तयार झालेल्या कडेवर पुढची ढलपी काढा. पहिल्या चार-पाच जाड निघतात आणि तुटून पडतात. मग हात बसतो, कागदासारखी पातळ ढलपी कुरळी होत खाली येते आणि ताज्या लाकडाचा वास सुटतो. वीस-पंचवीस ढलप्यांचा झुबका झाला की एका काडेपेटीच्या काडीवर तो पेट घेतो. दहा वर्षांच्या मुलाने स्वतः केलेल्या काडीवर चूल पेटवली तर त्याला दुसरं काही लागत नाही.

नेहमी होणाऱ्या चुका इथेच सांगते. बसून काम करताना कोपरं गुडघ्यांच्या पुढे टेकवा. दोन मांड्यांच्या मधल्या जागेत पातं चालवायचं नाही, मांडीच्या आतून मोठी रक्तवाहिनी जाते. चाकू घसरून पडला तर झेलू नका, पाय मागे घ्या. कुणी रिंगणाजवळ आलं की हात थांबवा. जेवणाची हाक आली तर आधी म्यान, मग उठणं. आणि चाकू जमिनीत खुपसून ठेवू नका: टोक मोडतं, धार जाते आणि अंधारात ती मूठ कुणाला दिसत नाही.

*थांबा:* कापलं तर स्वच्छ गॉज जखमेवर घट्ट दाबा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं दाबूनच ठेवा. मध्ये उचलून बघायचं नाही. गॉज भिजला तर त्यावरच दुसरा ठेवा. हळद, कॉफी, टूथपेस्ट काही भरू नका. बोट वाकत नसेल, पुढचा भाग बधिर वाटत असेल, जखम उघडी राहत असेल किंवा रक्त उसळत असेल तर दाब तसाच ठेवून निघा, १०८ ला फोन करा. आत काही रुतलं असेल तर ते काढायचं काम डॉक्टरांचं.

८. दिवेलागण: दुसरी मोजणी

सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी राखणदार हाक देतो. सगळे चाकू पुसून म्यानात, म्यान पेटीत, कागदावर खूण. एक जरी कमी असला तरी मुलांना चटईवर बसवा आणि मोठ्यांनी रांगेत शोधा, उजेड आहे तोवर. चाकू सापडेपर्यंत दुसरं काही सुरू होत नाही. मोजणी पूर्ण झाली की कुलूप. स्वयंपाकाचा एक चाकू तेवढा बाहेर, तोही एकाच माणसाच्या ताब्यात.

रात्री पोपटी करा. शनिवारच्या रात्रीला याहून सोयीचं जेवण नाही, कारण चिरणं जवळजवळ नसतंच आणि मुलांना भरपूर काम असतं. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधे बटाटे, अंडी, कोंबडी खाणाऱ्यांसाठी मसाला लावलेले तुकडे पानात बांधून, पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाला गच्च दाबून. मडकं उपडं ठेवा, भोवती पेंढा, गोवऱ्या आणि काटक्या रचा. साधारण अर्धा-पाऊण तास. मडक्यावर पाण्याचे थेंब उडवले आणि चुर्र करून लगेच उडाले, आतून शेंगांचा वास सुटला, की झालं. कोंबडीचा एक तुकडा मोडून आत गुलाबी नाही ना ते बघा, मगच वाढा.

९. रात्र

उष्टं-खरकटं बांधून गाडीत. मच्छरदाणी चटईखाली चारही बाजूंनी खोचा. मण्यार रात्री फिरते, अंथरुणातही शिरते, आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. लहान मूल लघवीला उठलं तर मोठं माणूस, विजेरी आणि बूट, तिन्ही हवेत, बूट आधी उलटे करून झटकलेले. साप चावला तर चिरा देणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काहीही नको. तो अवयव हलू न देता थेट सरकारी रुग्णालय. आपण चाकूवाले आहोत म्हणून इथे हात शिवशिवतात, पण चाकूला इथे काहीही काम नाही.

झोपण्याआधी चूल विझवा. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राखेजवळ हाताची मागची बाजू न्या. ऊब लागली तर अजून विझलेली नाही.

१०. रविवार: आवराआवर आणि तिसरी मोजणी

सकाळी हवं तर तासभर पुन्हा रिंगण, नियम तेच. दहा वाजता बंद. ढलप्या गोळा करून चुलीत जाळा आणि चूल पुन्हा तशीच विझवा. सुतळीचा तुकडाही मागे नको, गाई-गुरं तो गिळतात. दगड पुन्हा जागेवर, खड्डे बुजवलेले, पेंढा मालकाला विचारून. मग राखणदाराने कागद वाचायचा, तिसरी मोजणी. पेटी डिकीत गेल्यावरच गाड्या सुरू.

घरी पोहोचल्यावर अंथरुणं सोमवारवर टाकली तरी चालतील, चाकू नाही. कोमट पाण्याने धुवा, सुक्या फडक्याने पुसा, साध्या पोलादाच्या पात्यावर खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा. चामडी म्यानात ठेवू नका, चामडं आपल्या दमट हवेत ओल धरून ठेवतं आणि आठवड्यात पात्यावर लाल ठिपके उमटतात. कागदात गुंडाळून मुलांच्या हाताला येणार नाही अशा कपाटात ठेवा आणि म्यान वेगळं, वाऱ्यावर.